बर्फाची सुट्टी आणि हजेरीपट



पंचगंगेकाठच्या या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, पत्रिकेत विषय काय घालू?" मी म्हटलं, "आयर्लंडमधली बर्फाची सुट्टी." पलीकडे जरा वेळ शांतता. मग अगदी अदबीनं म्हणाले, "घालू की. मे महिना आहे, लोकांना ऐकून तरी गार वाटंल." तर मंडळी, पंखे फिरताहेत तोवर गार वाटून घ्या.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण इथं जमलो आहोत, त्या गुरुजींच्या हाताखाली मी चौथीपर्यंत शिकले. शिरोळ तालुक्यातली कौलारू शाळा, दोन खोल्या. पुराचं पाणी आलं की शाळा बंद. कुणाच्या आदेशाची वाट बघायला पाणी थांबत नसे. ओसरल्यावर गाळ काढायचा, फरशा धुवायच्या, आणि वर्ग भरला की गुरुजींचा पहिला प्रश्न ठरलेला. "पाणी कुठवर आलं होतं?" आम्ही भिंतीवर हात ठेवून दाखवायचो. गुरुजी तिथं खिळ्यानं रेघ ओढायचे, शेजारी साल घालायचे. मग दुसरा प्रश्न. "याच्या आधी एवढं पाणी कधी आलेलं? घरी विचारून या. आणि कुणी सांगितलं त्याचं नाव घाला." नाव नसेल तर उत्तर धरत नसत. "नुसतं 'लोक म्हणतात' लिहू नका, लोकांना नाव असतंय," असं म्हणायचे.

ती रेघ आणि ते नाव ध्यानात असू द्या. मी तिथं परत येणार आहे.

मी २००६ साली आयर्लंडला गेले. डब्लिनच्या पश्चिमेला लागून किल्डेअर नावाचा परगणा आहे, तिथं राहते आणि एका प्राथमिक शाळेत 'स्पेशल नीड्स असिस्टंट' म्हणून काम करते. म्हणजे ज्या मुलाला वर्गात टिकून बसायला, आवाज सोसायला, दप्तर उघडायलासुद्धा जास्तीची मदत लागते, त्याच्या शेजारच्या छोट्या खुर्चीवर बसणारी बाई. शिकवायचं काम शिक्षिकेचं. म्हणून आज मी जे बोलेन ते शिक्षणतज्ज्ञाचं बोलणं नाही. त्या छोट्या खुर्चीवरून जे दिसलं ते सांगणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. आयर्लंड हा काही बर्फाचा देश नव्हे. अटलांटिकवरून येणारा ओला वारा तिथली थंडी बोथट करतो. बहुतेक हिवाळे नुसत्या पावसाचे. त्यामुळे बर्फ पडलंच तर त्याच्यासाठी कुणी तयार नसतं. गाड्यांना हिवाळी टायर नाहीत, गावात बर्फ ढकलणारी यंत्रं मोजकी. कॅनडातला माणूस ज्या बर्फातून दूध आणायला जाईल, त्या बर्फात आमचा परगणा ठप्प होतो. आणि शाळेची मुलं येतात कुठून? तीन हजारांहून जास्त प्राथमिक शाळा आहेत, त्यातल्या कितीतरी खेड्यातल्या, दोन-तीन शिक्षकांच्या. दीड लाखाहून जास्त मुलं रोज सरकारी योजनेच्या शाळाबसनं येतात, बोळाएवढ्या रुंद रस्त्यांवरून. त्या रस्त्यावर काचेसारखं बर्फ गोठलं की मुख्याध्यापक सकाळी सहाला उठून खिडकीबाहेर बघतात, ड्रायव्हरला फोन लावतात आणि पालकांना निरोप टाकतात: आज शाळा नाही. पूर्वी हेच निरोप स्थानिक रेडिओवर वाचून दाखवत. बंद शाळांची यादी, एकेक नाव. मुलं पांघरुणात कान टवकारून पडलेली. आपल्या शाळेचं नाव आलं की घर हादरेल असा आरडाओरडा!

तुम्ही हसताय, कारण तुम्हाला हे नवं नाही. जुलै महिना, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. रात्री जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश येतो का, याकडे घरातली पोरं पंचांगाकडे बघावं तशी बघत असतात. तिकडं बर्फ, इकडं पाऊस. सुट्टी तीच.

आता २०१८ सालची गोष्ट. फेब्रुवारीच्या अखेरीला सैबेरियाकडून गोठवणारा वारा आला, त्याला दक्षिणेकडून आलेलं 'एमा' वादळ भिडलं. मेट एरन म्हणजे तिथलं हवामान खातं. त्यांनी देशभर लाल इशारा दिला. गुरुवार १ मार्च. दुपारी चारच्या आत घरी जा आणि घराबाहेर पडू नका, असं पंतप्रधानांनी सांगितलं. कोण पंतप्रधान? लिओ वराडकर. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या घराण्यातले. म्हणजे आयर्लंडला बर्फातून घरी पिटाळणारा माणूस मुळात आपल्या कोकणातला! १ आणि २ मार्चला देशातल्या सगळ्या शाळा बंद. आणि घरी जाण्याआधी सगळ्या देशानं काय केलं असेल? पाव विकत घेतला. दुकानातल्या फळ्या रिकाम्या झाल्या. तिथं कापलेल्या पावाला 'स्लाइस्ड पॅन' म्हणतात, आणि त्या आठवड्यात स्लाइस्ड पॅनवर इतके विनोद झाले की आजही बर्फाचं नाव काढलं की आयरिश माणूस आधी पाव आठवतो. आमच्या घरी पाव नव्हता. पिठलं-भात होता. शेजारीण दार ठोठावून विचारायला आली, "तुमच्याकडे ब्रेड आहे का?" तिला मी भाकरी दिली. ती अजून त्याबद्दल बोलते, चांगलं की वाईट ते अजून मला नीट कळलेलं नाही.

आणि मुलं? घसरगाड्या कुणाकडं होत्या? त्या देशात घसरगाडी विकत घेणं म्हणजे राजस्थानात होडी घेऊन ठेवण्यासारखं. मुलांनी ओव्हनमधले ट्रे काढले, शेतकऱ्यांच्या मुलांनी खताच्या रिकाम्या पिशव्या काढल्या, आणि प्रत्येक उतारावर रांग लागली. गल्लीतली जी माणसं बारा वर्षांत एकमेकांना मान हलवण्यापलीकडे बोलली नव्हती, ती फावडी घेऊन एकमेकांच्या दारापुढचं बर्फ ओढत होती.

थांबा. मी इथं स्मरणरंजन करायला आलेली नाही. ज्या मुलाच्या शेजारी मी तेव्हा बसायचे, त्याला ती सुट्टी सुट्टी वाटलीच नाही. त्याचं जग वेळापत्रकावर उभं. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी घंटा झाली नाही म्हणजे जगात काहीतरी मोडलं. पहिल्या दिवशी तो गणवेश घालून दप्तर अडकवून दाराशी दोन तास उभा होता, असं त्याच्या आईनं नंतर सांगितलं. शाळेत गरम जेवण मिळतं म्हणून पोटभर खाणारी मुलं आहेत. घरात रोजची भांडणं, म्हणून शाळेत येऊन सुटकेचा श्वास टाकणारी मुलं आहेत. ज्या बाईचा रजा घेतली की पगार कापला जातो, तिच्यासाठी मुलाची बर्फाची सुट्टी म्हणजे संकट. हे सगळं मान्य. मान्य करूनच पुढं जाते.

दोन वर्षांनी, १२ मार्च २०२० ला, वराडकरांनी वॉशिंग्टनहून सांगितलं की आज संध्याकाळपासून शाळा बंद. ती बर्फाची सुट्टी नव्हती, हे कळायला आठवडाभर लागला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही तेच भोगलंत. तिथं ३० मार्चला सरकारी दूरदर्शनवर 'होम स्कूल हब' सुरू झाला. क्लीओना, रे आणि जॉन हे तीन शिक्षक रोज सकाळी पडद्यावर यायचे. आयरिश भाषेत शिक्षकाला 'मूंतोर' म्हणतात, तर मूंतोर जॉन, मूंतोर रे अशीच त्यांना हाक. इकडं २० जुलैला सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं. माझ्या बहिणीची मुलगी टिलीमिली बघायची, मी ज्याच्या शेजारी बसायचे तो मुलगा मूंतोर रे बघायचा, आणि दोघांच्याही आयांनी मला एकाच आठवड्यात सांगितलं की तेवढ्या वेळात चहा पिता येतो. मी त्या काळात पडद्याला नावं ठेवलेली नाहीत, आजही ठेवणार नाही. त्या मुलाच्या शिक्षिका रोज सकाळी दहा मिनिटं त्याच्याशी पडद्यावर बोलायच्या. त्या दहा मिनिटांच्या खुंटीवर त्याचा सगळा दिवस टांगलेला असायचा.

पण साथ आली, साथ गेली, आणि जाताना एक वस्तू मागं ठेवून गेली. २०२० च्या ऑक्टोबरात तिथल्या शिक्षण खात्यानं परिपत्रक काढलं की प्रत्येक शाळेकडं मुलांशी आणि पालकांशी जोडलेलं एक ऑनलाइन व्यासपीठ हवंच. योग्यच होतं, दुसरी लाट दारात होती. पण एकदा हत्यार घरात आलं की त्याला काम शोधलं जातं. आता लाल इशारा आला की संध्याकाळीच काही शाळांचा निरोप येतो: उद्या शाळा बंद, काम व्यासपीठावर टाकलं आहे. सक्ती नाही. ज्यानं त्यानं आपापलं ठरवायचं. तरी 'उद्या बर्फ' आणि 'उद्या वर्कशीट' ही दोन वाक्यं एका दमात यायला लागली आहेत.

मी स्वतःला विचारलं, की हे नेमकं कशासाठी? एका दिवसाच्या अभ्यासासाठी? मी वर्गात रोज बसते. खरं सांगते, प्राथमिक शाळेत एका दिवसात फार काही शिकवून होत नाही, आणि शुक्रवारी दुपारी पाऊस पडत असेल तर तेवढंही होत नाही. मग हा आटापिटा कशाचा?

दिवसांचा. आयर्लंडमध्ये प्राथमिक शाळेला वर्षाला १८० हून जास्त दिवस भरावे लागतात, माध्यमिकला १६० हून जास्त. आपल्याकडं शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला २००, सहावी ते आठवीला २२०. शाळा बंद पडली तर गेलेला वेळ शक्य तितका भरून काढा, अशी आयर्लंडच्या शिक्षण खात्याची अपेक्षा असते. म्हणजे मुख्याध्यापकाच्या डोक्यावर एक वही उघडी असते. ऑनलाइन दिवस त्या वहीत 'भरला' म्हणून लिहायचा मोह होतो. दरवाजाला कुलूप, तरी हजेरीपटावर खूण.

न्यूयॉर्क शहराचं उदाहरण घ्या, कारण तिथं हे सगळ्यात उघडपणे झालं. त्या राज्यात १८० दिवसांची अट आहे. शाळेच्या पंचांगात सणांच्या सुट्ट्या वाढल्या, दिवस काही पुरेनात. मग बर्फाची सुट्टीच रद्द केली. बर्फ पडलं तर सगळ्यांनी घरून ऑनलाइन. १३ फेब्रुवारी २०२४ ला बर्फ पडलं. लाखो मुलं आणि शिक्षक एकाच वेळी लॉगिन करायला गेले आणि यंत्रणेनं हात टेकले. मुलं लॅपटॉपसमोर, बाहेर बर्फ, आणि पडद्यावर फिरणारं गोल चक्र. नंतर शहराचे शिक्षणाधिकारी आणि यंत्रणा पुरवणारी कंपनी यांच्यात दोष कुणाचा यावर बोलाचाली. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो हिशेबात. बर्फाची सुट्टी कुणी शिक्षणासाठी घालवली नाही. पंचांगात जागा उरली नाही म्हणून गेली.

आणि इथं मला एक गोष्ट दिसते, जी मुलांच्या मजेपेक्षा मोठी आहे.

जुन्या बर्फाच्या सुट्टीला किंमत होती. शाळा बंद ठेवणाऱ्याला ती मोजावी लागायची. २०१० च्या जानेवारीत आयर्लंडमध्ये मोठी थंडी पडली. शुक्रवारी ८ तारखेला शिक्षणमंत्री बॅट ओकीफ यांनी जाहीर केलं की सगळ्या शाळा पुढच्या गुरुवारपर्यंत बंद. देशभर गदारोळ! आमच्याकडे बर्फ वितळलंय, आमची शाळा का बंद? मुलांना सांभाळायचं कुणी? सोमवारी मंत्र्यांनी निर्णय मागं घेतला. लोक त्यांना हसले. मी मात्र त्या सोमवारचा मान ठेवते. शाळा बंद ही गोष्ट तेव्हा इतकी महाग होती की तिच्यासाठी मंत्र्याला तीन दिवसांत शब्द गिळावा लागला.

आता विचार करा, की त्या शुक्रवारी प्रत्येक शाळेकडं ऑनलाइन व्यासपीठ असतं तर? मंत्री म्हणाले असते, "शाळा बंद नाहीच. मुलं घरून शिकताहेत." गदारोळ कशावर करणार? कागदावर तर एकही दिवस बुडाला नाही. बंद करणं फुकट झालं की दार पटकन लागतं. आज लाल इशाऱ्याला. उद्या नारिंगी इशाऱ्याला. परवा शाळेचा बॉयलर बिघडला म्हणून. तेरवा शिक्षक मिळाले नाहीत म्हणून. मी घाबरवत नाही. दिल्लीत काय होतंय? नोव्हेंबर २०२४ मध्ये हवा इतकी विषारी झाली की शाळा ऑनलाइन गेल्या. मुलांना त्या हवेत बाहेर काढू नये हे बरोबरच. पण हवा स्वच्छ करायची घाई, मुलं घरात बसून 'शिकत' असली की वाढते का कमी होते? शाळा ठणठणीत बंद असती, राजधानीतली लाखो मुलं रस्त्यावर बॅट-बॉल घेऊन खोकत उभी राहिली असती, तर सरकारची झोप जास्त उडाली असती, असं मला वाटतं. ऑनलाइन वर्ग पोरांना सांभाळतो तसाच सरकारलाही सांभाळून घेतो.

आपल्या पुराच्या बाबतीतही हेच. २०१९ च्या ऑगस्टात इथं कोल्हापुरात, शिरोळात, सांगलीत शाळा बंद होत्या, कारण शाळांत माणसं राहत होती. वर्गात स्टोव्ह, बाकावर म्हातारी माणसं, मैदानात बांधलेली जनावरं. शाळा 'बंद' होती? ती तर त्या आठवड्यात जेवढी उघडी होती तेवढी कधीच नव्हती! त्या वेळी कुणी मोबाइलवर गणितं टाकली असती तर ती कुणी सोडवली असती? आणि तो दिवस कुणाच्या नावावर 'भरला' म्हणून लिहिला असता?

मग विजेचं. हे मी थोडक्यात आटोपते, कारण इथं बसलेल्यांना विजेबद्दल सांगणं म्हणजे सुताराला रंधा दाखवणं. २४ जानेवारी २०२५, शुक्रवार. 'एओविन' नावाचं वादळ आलं. संपूर्ण बेटाला लाल इशारा. गॉलवे परगण्यात समुद्राकाठच्या मेस हेड इथं वाऱ्याचा झोत ताशी १८३ किलोमीटर मोजला गेला. आयर्लंडच्या नोंदींतला सगळ्यात जोराचा. आधीचा विक्रम १९४५ चा, १८२ चा. एका किलोमीटरनं मोडला, पण झाडांना तेवढं पुरलं. ७ लाख ६८ हजार घरं आणि दुकानं अंधारात. पश्चिमेकडे काही घरांना दोन आठवड्यांहून जास्त काळ वीज नव्हती. वीज नाही म्हणजे विहिरीचा पंप नाही, म्हणजे पाणी नाही. लोक अंघोळीला आणि फोन चार्ज करायला गावातल्या क्रीडामंडळाच्या इमारतीत जायचे. गॉलवेकडं राहणारं एक मराठी कुटुंब माझ्या ओळखीचं आहे. त्यांच्या मोठ्या मुलाच्या शाळेनं आदल्या संध्याकाळी काम टाकलं होतं. घरात दिवा नाही, मोबाइलला रेंज नाही. बाप मुलाला गाडीत बसवून, पडलेली झाडं चुकवत, जनरेटर असलेल्या एका हॉटेलपर्यंत घेऊन गेला. का? तर निबंध 'सबमिट' करायला! शाळेनं शिक्षा केली नसती, कुणी विचारलंही नसतं. पण ते त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला फक्त पडद्यावरची लाल अक्षरं दिसत होती: मुदत संपत आहे.

ज्या दिवशी हे साधन सगळ्यात जास्त हवं, त्याच दिवशी ते बंद पडतं. आणि बंद पडतं ते कुणाच्या घरी? गावाच्या टोकाच्या. तीन भावंडांत एक फोन असलेल्या. बर्फ सगळ्यांच्या दारात सारखं पडतं. वर्कशीट तसं पडत नाही. बरं, गरम जेवणाचं काय? आयर्लंडनं गेल्या काही वर्षांत प्राथमिक शाळांत गरम जेवणाची योजना सगळीकडं नेली. आपल्या खिचडीचीच धाकटी बहीण. शाळा बंद तर ते जेवण बंद. ज्या सरकारला मुलापर्यंत भागाकार पोचवायची एवढी निकड आहे, त्याला डबा पोचवायची निकड का नाही? लॅपटॉपमधून खिचडी येत नाही, म्हणूनच का?

आता गुरुजींच्या रेघेकडं येते, पण आयर्लंडच्या वाटेनं.

१८३९ साली ६ जानेवारीच्या रात्री आयर्लंडवर एक भयंकर वादळ आलं. आयरिश भाषेत त्या रात्रीला 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणतात. त्यानंतर सत्तर वर्षांनी, १९०९ मध्ये, म्हाताऱ्यांना पेन्शन सुरू झालं. वयाची अट ७० पूर्ण. पण जन्माची सरकारी नोंद तिथं १८६४ पासूनची, दाखला आणायचा कुठून? तेव्हा कारकून विचारायचे, "मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का?" आठवते म्हटलं की पेन्शन. अर्थात, ती रात्र आठवणाऱ्यांची संख्या अचानक फार वाढली. आपल्याकडं नसती का वाढली? पण गंमत बाजूला ठेवली तर, सरकारला जिथं कागद सापडला नाही तिथं त्यानं लोकांच्या आठवणीवर शिक्का मारला. म्हातारीनं सांगितलं की छप्पर उडालं तेव्हा मी आईच्या पदराखाली होते, आणि ते वयाचा दाखला म्हणून चाललं.

आणखी एक. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगानं एक विलक्षण काम केलं. पाचवी-सहावीतल्या मुलांना निबंधाच्या तासाऐवजी एक गृहपाठ दिला. घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा, आणि ते सांगतील ते लिहून आणा. गोष्टी, औषधं, म्हणी, खेळ, भुतं, आणि भयंकर हवामान. होय, 'भयंकर हवामान' हा त्या यादीतला एक विषयच होता! पाच हजार शाळांतल्या सुमारे पन्नास हजार मुलांनी मिळून ७ लाख ४० हजार पानं गोळा केली. आज ती कुणालाही वाचता येतात. मी रात्री जागून वाचते. अक्षर पोरांचं, बोलणं म्हाताऱ्यांचं. आणि खाली काय लिहिलेलं असतं माहीत आहे? हे कुणी सांगितलं. नाव, गाव, बऱ्याच ठिकाणी वयसुद्धा.

पहिल्यांदा ती पानं वाचली तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात बसून हसले. आमचे गुरुजी शिरोळ सोडून कधी मुंबईपलीकडं गेले नव्हते.

तर मी घरी अभ्यास द्यायच्या विरुद्ध नाही. जगातला सगळ्यात मोठा गृहपाठ मला पाठ आहे. माझा प्रश्न एवढाच, की तो गृहपाठ मुलाला कुणाकडं पाठवतो? १९३७ चा गृहपाठ शेजारच्या दाराशी पाठवत होता. आजचा खुर्चीत बसवून ठेवतो. बर्फाच्या दिवशी काही द्यायचंच असेल तर एक वाक्य द्या, आदल्या दिवशी, फळ्यावर. वीज लागत नाही, लॉगिन लागत नाही. आणि तो दिवस हजेरीपटावर 'बुडाला' असाच लिहा. बुडाला तर बुडाला म्हणा. भरून काढायचा तर उन्हाळ्यात काढा, दार उघडून.

माझ्या शाळेतल्या शिक्षिकेनं २०१८ मध्ये एवढंही दिलं नव्हतं. बर्फ अचानक वाढलं, वेळच मिळाला नाही. पुढच्या आठवड्यात शाळा उघडली तेव्हा तिनं मुलांना सांगितलं, सुट्टीत काय झालं ते तीन ओळींत लिहा. ज्याच्या शेजारी मी बसायचे, तो मुलगा लिहायला नेहमी अर्धा तास घ्यायचा. त्या दिवशी एकच ओळ लिहिली, पण पटकन. "१४ नंबरच्या माणसाकडं दोन फावडी आहेत." झालं असं होतं की दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी त्याला गणवेशासकट बाहेर काढलं, आणि दारापुढचं बर्फ ओढायला फावडं नव्हतं, म्हणून समोरच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यानं त्याच्या हातात एक दिलं. अनोळखी माणसाकडं मान वर करून न बघणारं पोर ते. दोघं तासभर, एक शब्द न बोलता, एकाच तालात फावडी चालवत होते म्हणे.

शिक्षिकेनं त्या ओळीखाली लाल पेनानं लिहिलं, "त्यांचं नाव काय?"

मला गुरुजींची आठवण झाली, पण मी बोलले नाही. मला वाटलं हे काही त्याच्याच्यानं होणार नाही. दोन दिवस त्यानं वही दप्तरातून काढलीच नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःहून उघडून माझ्यापुढं सरकवली. त्यात नाव होतं. खाली वय, ७८. आणि एक जादा ओळ, कुणी न मागितलेली: १९४७ सालचं बर्फ याच्याहून मोठं होतं, तेव्हा ते सात वर्षांचे होते.

आडनावाचं स्पेलिंग त्यानं चुकवलं होतं. त्या म्हाताऱ्यानं ते खोडून, थरथरत्या हातानं, त्याच वहीत दुरुस्त करून दिलं होतं.